रस्त्याखालची वाट

९ ऑगस्ट

अहो,

सुरुवात कशी करावी यात दोन कागद वाया गेले. 'प्रिय' लिहिलं तर तुम्हाला वाटणार मस्का लावतेय, 'सप्रेम नमस्कार' लिहिला तर वाटणार सोसायटीची नोटीस आली. म्हणून नुसतं 'अहो'. इतकी वर्षं या हाकेला तुम्ही ओ देत आलात, आता देता का बघू.

आज मी कासव उचललं. जिवंत, चांगलं परातीएवढं. दोन्ही हातांनी मागच्या बाजूने धरायचं असतं, म्हणजे चावत नाही. चावलं नाही ते खरं, पण वर घेतल्याबरोबर त्याने माझ्या नव्याकोऱ्या पँटवर धार सोडली. हो, पँट. साडी नेसून चिखलात उतरता येत नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, घाबरलं की ते असंच करतं. मी म्हटलं, त्यात काय, मीही घाबरलेच होते, फक्त पँट माझी होती. मुली इतक्या हसल्या की कासवाने डोकं आत घेतलं ते पुढे कितीतरी वेळ बाहेर काढलंच नाही.

मुली म्हणजे माझ्या वर्गातल्या. सगळ्या आपल्या लेकीपेक्षा एखाद्या वर्षाने लहानच. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळा वर्ग उठून उभा राहिला. त्यांना वाटलं मी शिकवायला आले. मी सवयीने 'बसा बसा' म्हणाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. तेव्हापासून मी जगाची काकू. मॅडमसुद्धा चुकून एकदा काकू म्हणाल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या. त्या माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान आहेत.

हॉस्टेलची खोली छोटी पण हवेशीर आहे. खोलीत माझ्याबरोबर एक मुलगी आहे, तिचं नाव मी भिंगरी ठेवलंय, कारण ती दात घासतानाही फिरत असते. घराला कुलूप आहे, शेजारच्या वहिनी आठवड्यातून एकदा खिडक्या उघडतात. घराची काळजी नको.

तुम्ही जाताना डबा ओट्यावरच विसरलात. विसरलात की ठेवून गेलात, ते तुमचं तुम्हाला माहीत. तिकडे पुलाच्या कामावर नेटवर्क नसतं असं तुम्ही लेकीला सांगता, आणि तिचा फोन मात्र उचलता. माझा नुसता वाजतो. हरकत नाही. पत्राला वाजण्याची खोड नसते. हवं तेव्हा उघडा, नको तर उशीखाली ठेवा.

विमा कचेरीतली खुर्ची सोडून, या वयात पर्यावरण संवर्धन शिकायला निघालेली तुमची

मी

७ सप्टेंबर

अहो,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

इकडे माझं काय चाललंय ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये, आणि भिंगरीला सगळं आधीच ठाऊक असतं. आम्हाला गटागटाने एकेक प्रकल्प दिलाय. आमच्या वाट्याला कासवं आली. विद्यापीठाच्या मागच्या अंगाला तळं आहे, तळ्याच्या कडेने रस्ता जातो आणि रस्त्यापलीकडे वाळूचं एक उतरतं टेकाड आहे. कासवं राहतात तळ्यात, पण अंडी घालायला त्यांना कोरडी, ऊन खाणारी वाळू लागते. म्हणून माद्या तळ्यातून निघतात, रस्ता ओलांडतात, टेकाडावर मागच्या पायांनी खड्डा करतात, अंडी घालतात, माती नीट लोटून बुजवतात आणि परत फिरतात. वर्षातून दोनदा, एकदा आत्ता आणि एकदा मार्चच्या सुमाराला.

सकाळी आम्ही वाटेत भेटतील ती कासवं पिशवीत घालून काट्यावर तोलतो, पाठीच्या कडेला कानशीने बारीकशी खाच पाडतो, म्हणजे पुन्हा भेटली की ओळख पटते. कानस माझ्या हातात देतात. बाकीच्यांचा हात थरथरतो. इतकी वर्षं फायलींना भोकं पाडली त्याचा कुठेतरी उपयोग झाला म्हणायचा.

एक गंमत सांगू? मला वाटायचं, संवर्धन म्हणजे झाडं लावा, प्लास्टिक वापरू नका. इथे आल्यावर कळलं की आधी नुसतं बघायला शिकायचं असतं. तळ्याकाठी तासभर गप्प बसायचं, बस्स. तुम्ही म्हणाल, तू आणि गप्प? मलाही खरं वाटलं नसतं. पण परवा बसल्या बसल्या एक खंड्या माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला, मासा आपटून आपटून गिळला आणि उडून गेला. माझ्या छातीत असं धडधडत होतं, जसं लेक पहिल्यांदा चालली तेव्हा धडधडलं होतं.

आज मात्र रस्त्यावर एक मादी चिरडलेली मिळाली. अंडी पोटातच होती. गाडीवाल्याला कळलंसुद्धा नसेल. मी तिला खुरप्याने उचललं आणि टेकाडावर नेऊन पुरलं. मॅडम म्हणाल्या नोंद करा, तर नोंद केली. मग एका झाडामागे जाऊन उभी राहिले थोडा वेळ. भिंगरी आली, पाण्याची बाटली धरून उभी राहिली. पहिल्यांदाच तिला स्थिर उभी बघितली.

बाकी अभ्यास छान. संख्याशास्त्राचं विचारू नका.

तुमची मी

५ ऑक्टोबर

अहो,

एक गोष्ट दोन पत्रांत लिहायची टाळली. आता वर्गाला कळली आहे, तर तुम्हालाही कळू दे.

तो रस्ता तुमचा आहे.

मी पहिल्याच दिवशी ओळखला. आपलं लग्न नवं होतं, तुम्ही छोटे इंजिनियर होता आणि आपण रस्त्याच्या कामावर पत्र्याच्या खोलीत राहायचो. तेव्हा विद्यापीठ नव्हतं, नुसतं माळरान होतं. तळं मात्र होतं. मी तिथून पाणी आणायचे आणि तुम्ही ओरडायचात की घसरशील. तुम्हाला आधी लिहिलं असतं तर वाटलं असतं, बघा, पहिल्याच पत्रात टोचायला लागली.

काल मॅडमनी फळ्यावर नकाशा काढला. तळं, टेकाड आणि मधून रस्त्याचं ते मोठं वळण. आणि वैतागून म्हणाल्या, हा रस्ता आखणाऱ्याने इथे तळं आहे हे बघितलं तरी होतं का?

मी गप्प बसणार होते. खरंच. पण उभी राहिले आणि म्हणाले, "बघितलं होतं मॅडम. वरून आलेली आखणी सरळ तळ्यातून जात होती, तळं बुजवून. त्याने ते होऊ दिलं नाही. म्हणून हे वळण आहे."

मॅडमनी खडू खाली ठेवला. भिंगरीने विचारलं, काकू, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, तो माणूस साहेबांशी भांडून दिवस मावळता घरी आला, तेव्हा मी त्याला ताट वाढलं होतं आणि तो जेवला नव्हता. त्याला वाटलं नोकरी गेली. मग सांगितलं की तो माझा नवरा.

अहो, त्यानंतर माझी जी पत वाढली आहे म्हणता. मुली तुमच्याबद्दल असं विचारतात की जणू तुम्ही कुणी मोठे संशोधक आहात. ते कसे दिसतात, ते कुठे असतात, ते इकडे कधी येणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली.

मॅडमनी नंतर मला खोलीत बोलावून खुर्ची दिली आणि म्हणाल्या, मी घाईने बोलले. मी म्हटलं, तुमचंही खरं आहे. तळं वाचलं, पण कासवांना टेकाडावर जायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. मी तर पाणी भरत होते.

आता खरी बातमी. जानेवारीत तो रस्ता उकरून नव्याने करणार आहेत, आणि चांगला उंचही करणार आहेत. मॅडम म्हणतात, रस्ता उघडा पडेल तेव्हाच त्याखालून कासवांसाठी वाट काढता येईल. एकदा का डांबर पडलं की पुढची कित्येक वर्षं कुणी हात लावू देणार नाही. मला रात्रभर झोप नाही. उत्साहाने हो, काळजीने नाही.

तुमची मी

२६ ऑक्टोबर

अहो,

रस्ते विभागात जाऊन आलो. मॅडम, मी आणि भिंगरी. तिथे एक तरुण साहेब आहेत, गोड बोलणारे. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. म्हणे तळ्याच्या इतक्या जवळ रस्त्याखाली पाइप टाकला तर तो पावसाळ्यात पाण्याने भरेल, रस्ता खचेल आणि मग जबाबदारी कुणाची. वर म्हणाले, बाईसाहेब, कासवासाठी कुणी रस्ता उंचसखल करत नाही.

मॅडम कायद्यावर बोलल्या, भिंगरी कासवांवर बोलली. आणि मला सारखं वाटत होतं की या माणसाच्या पाण्याच्या प्रश्नाला उत्तर आहे, फक्त ते आम्हा तिघींपैकी कुणाकडे नाही. परत येताना बसमध्ये मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मला कळलं.

म्हणून सोबत एक चित्र पाठवतेय. मीच काढलंय, हसू नका. तळं निळ्या पेन्सिलीने, रस्ता काळ्या, टेकाड पिवळ्या. पाइप कुठे यावा असं आम्हाला वाटतं तिथे फुली आहे. मला फक्त एवढंच सांगा, हे होण्यासारखं आहे का. नाही म्हणालात तरी चालेल. तुमचं 'नाही' मला पटेल. त्या साहेबांचं पटलं नाही.

आणि हे विचारताना काही लपवून ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून सांगते. संख्याशास्त्रात मी नापास झाले. नुसती नापास नाही, वर्गात शेवटची. पेपर हातात आला तेव्हा आपल्या लेकीच्या वयाची पोरं माझी समजूत घालत होती. त्या दिवशी वाटलं, यांचं खरं होतं, गाशा गुंडाळावा. कुणाचं खरं, ते तुम्हाला कळलं असेल. मग सकाळी तळ्यावर गेले तर खाच पाडलेली आमची एक जुनी मादी टेकाडावरून परत येताना भेटली. रस्ता ओलांडून, धडधाकट. गाशा तसाच राहिला.

उत्तराची वाट बघते. इतक्या उघडपणे पहिल्यांदाच लिहिलं हे वाक्य.

तुमची मी

१२ नोव्हेंबर

सौ. यांस,

चित्र मिळाले. चित्रात उत्तर दिशा दाखवलेली नाही. मोजमाप दिलेले नाही. वळणावरचा चढ मात्र बरोबर आहे.

काम होण्यासारखे आहे.

१. गोल पाइप नको. गोल पाइपात तळाला माती टिकत नाही आणि जनावर घसरते. काँक्रीटचा चौकोनी खोका घ्यावा. तयार तुकडे आणून जोडावेत.

२. पाणी भरेल हे म्हणणे खरे. परंतु रस्ता उंच करणार आहेत असे तुम्हीच लिहिता. मग खोक्याचा तळ पाण्याच्या पातळीच्या वर ठेवता येतो. त्यास हलका उतार द्यावा. ही गोष्ट त्या साहेबांच्या लक्षात यायला हवी होती. हिशेब वेगळ्या कागदावर जोडला आहे, तो त्यांना दाखवावा.

३. फुली मारलेली जागा बदलावी. सखल भागात जुनी मोरी आहे, तिच्याशेजारी काम सोपे होईल.

४. खोका लांब होईल. आत अंधार राहील. अंधारात कासव शिरते का, हे मला ठाऊक नाही. ते तुमचे खाते आहे. कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे वरून उजेडासाठी जाळी देता येईल.

इकडे काम वेळेवर चालू आहे. थंडी पडू लागली आहे.

तळ्यासाठी भांडलो होतो हे तुम्हाला आठवते, याचे नवल वाटले. मी कोणाला सांगितले नव्हते.

संख्याशास्त्राची फेरपरीक्षा कधी आहे?

आपला

२४ नोव्हेंबर

अहो,

तुमचं पत्र मी जिन्यातच उभी राहून वाचलं, मग खोलीत, मग मेसमध्ये मुलींना वाचून दाखवलं. शेवटच्या दोन ओळी सोडून. त्या माझ्या आहेत. 'उत्तर दिशा दाखवलेली नाही' हे वाक्य हॉस्टेलमध्ये म्हण होऊन बसलंय. कुणाचा चष्मा सापडत नसला तरी आता पोरी तेच म्हणतात.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कासव अंधारात शिरत नाही. तोंडाशी येऊन थबकतं, पलीकडे उजेड दिसला तरच पुढे जातं. म्हणजे जाळी हवीच. हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं, पण तुम्ही विचारलंत म्हणून लाकडी खोकं करून, वर एकदा फळी टाकून आणि एकदा फळी काढून, तळ्याकाठी दोन कासवांवर करून बघितलं. दोघांनीही तुमच्या जाळीच्या बाजूने मत दिलं.

पण जागा बदलायची नाही. तुमच्या कलम तीनला माझा विरोध आहे. सखल भागात काम सोपं असेल, पण कासवं तिथून जातच नाहीत. अख्खा सप्टेंबर आम्ही कुठे कुठे भेटली ते नकाशावर टिपलंय. सगळी वळणावर. टेकाडाची ऊन खाणारी बाजू तिथेच समोर येते आणि त्यांना ती पाण्यातून दिसते. सोय बघून वाट काढली, तर ती वाट तुमच्या सोयीची होईल, त्यांच्या नाही. आणि ही वाट त्यांची आहे ना?

हे लिहिताना मी क्षणभर थांबले, कारण हेच वाक्य आपल्या दोघांनाही लागू पडतं.

लेकीने परवा फोनवर सांगितलं. तुम्ही तिकडे दोन खोल्यांचं क्वार्टर मागून घेतलं होतं. खिडक्यांना पडदे लावले होते. पडद्याचं कापड तिने तुमच्याबरोबर जाऊन आणलं आणि तुम्ही तिला सांगितलं होतं, आईला बोलू नकोस. माझी नोकरी, तिची शाळा, तिचं कॉलेज म्हणून आयुष्यभर तुम्ही एका गावी आणि मी एका गावी. आता नोकरी सोडतेय म्हटल्यावर तुम्हाला वाटलं, अखेर आली. आणि मी त्या दिवशी जेवताना तुमच्यासमोर विद्यापीठाचं प्रवेशपत्र ठेवलं.

अहो, मला पडद्यांचं माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी शिकायला आलेच असते, खोटं कशाला बोलू. पण आधी तुमच्याजवळ बसले असते, मग बोलले असते. आणि तुम्हीही एवढंच म्हणालात की या वयात हे काय खूळ. 'तू ये' असं म्हणाला नाहीत. हे तुम्ही आधीही कधी म्हणाला नाहीत, नेहमी म्हणायचात, 'बघ, जमलं तर'.

जाऊ दे. जागेचं लवकर कळवा. साहेबांची वेळ मिळाली आहे.

फेरपरीक्षा डिसेंबरात.

तुमची मी

२० डिसेंबर

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. 'वळणावर ठीक. जाळीचा हिशेब सोबत.' एवढंच, पण मी ते आरशाला खोचून ठेवलंय. तुम्ही कामाच्या बाबतीत माझं म्हणणं मान्य केल्याचा हा एकमेव लेखी पुरावा आहे.

आणि मंजूर झालं. तुमचा हिशेब बघून ते तरुण साहेब त्यावर बोट ठेवून म्हणाले, रस्ता उंच होतोय हे मी धरलंच नव्हतं. हा हिशेब कुणी केला? मी म्हटलं, ज्यांनी हे वळण आखलं त्यांनी. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, रस्ता काही तिथून दिसत नाही, पण बघितलं. पुढे त्यांनीच वरच्या लोकांशी बोलणी केली. खडूस नव्हते हो, नुसते घाबरलेले होते.

भिंगरीने मला रस्त्यातच उचलून गोल फिरवलं. माझं वजन तुम्हाला माहीत आहे. दोघी मिळून झुडपात पडलो.

संख्याशास्त्रात पास. काठावर, पण पास. भिंगरी रोज दोन तास शिकवत होती, फिरत फिरत.

तुमची मी

१५ मार्च

अहो,

मध्यंतरी नुसती कार्डं पाठवली, कारण दिवसभर रस्त्यावर होते. खोक्याचे तुकडे आले, क्रेनने उतरवले, जाळ्या बसल्या, वर डांबर पडलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येक सांध्यावर नजर ठेवली. मुकादम मला आधी 'ताई जरा बाजूला' म्हणायचे, शेवटी शेवटी 'ताई जरा बघा' म्हणायला लागले. डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेला माझा फोटो लेकीने तुम्हाला पाठवला असेलच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढं कुंपण आहे, म्हणजे कासव कुठूनही आलं तरी कुंपणाच्या कडेकडेने खोक्याच्या तोंडाशी पोचतं. आत आम्ही कॅमेरा लावलाय. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो.

आणि आता रडगाणं. कासवं आत जात नाहीत.

हंगाम सुरू झाला. माद्या येतात, कुंपणाच्या कडेने चालतात, बरोबर तोंडाशी येतात, थांबतात. मान लांब करतात. आणि परत फिरतात. कॅमेऱ्यात आत्तापर्यंत उंदीर आले, एक बेडूक आला, विद्यापीठाचं लाडकं मांजर ऐटीत जाऊन येऊन आहे. कासव एकही नाही. आम्ही त्यांना हाताने उचलून पलीकडे नेतो, पण मग एवढा खटाटोप कशासाठी केला? मॅडम म्हणतात, धीर धरा, सवय व्हायला वेळ लागतो. पण त्यांचाही चेहरा उतरलाय. तरुण साहेब काल स्कूटरवरून येऊन लांबूनच बघून गेले.

उजेड आहे, माती आहे, उतार आहे. मी दहा वेळा उभी राहून बघितलं. काय चुकलंय तेच कळत नाही. तुम्हाला काही सुचतं का?

तुमची मी

२३ मार्च

अहो,

आज सकाळी कॅमेऱ्याचं कार्ड काढलं आणि प्रयोगशाळेत मोठ्या पडद्यावर लावलं. सगळा गट होता, मॅडमही होत्या. उंदीर, मांजर, मांजर, उंदीर. आणि मग एक टक्कल.

भिंगरी म्हणाली, हा कोण चोर? पुढच्या फोटोत टक्कल वर झालं आणि खाली चष्मा आला. तुम्ही पोटावर झोपला होतात. हनुवटी जमिनीला टेकलेली आणि नजर समोर, अगदी कासवाच्या उंचीवरून. इस्त्रीचा शर्ट चिखलात. मॅडमनी विचारलं, काकू, तुम्ही ओळखता का यांना? मी मान हलवली तेव्हा सगळ्यांना कळलं, आणि मग कुणीच हसलं नाही.

पुढचे फोटो आम्ही एकेक करून बघितले. तुम्ही तोंडाशी तळहात उभा धरलाय. खोक्याची कड जमिनीपेक्षा बरोबर तेवढी वर आलेली आहे. काम झाल्यावर भरावाची माती खाली बसली असणार, आणि पायरी तयार झाली. वर गवत उगवलेलं, म्हणून उभ्याने ती आम्हाला कधी दिसलीच नाही. दहा वेळा बघितलं म्हणून सांगितलं मी तुम्हाला, दहाही वेळा उभ्याने. मग फोटोत तुम्ही नाहीत, मग घमेलं आहे, मग तुम्ही हाताने माती लोटताय, थोपटताय, उतरण करताय. शेवटच्या फोटोत नुसता हात आहे, उतरणीवरून सावकाश फिरणारा, कुठे खडा राहिलाय का ते बघणारा.

त्याच्या पुढचा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळचा. मादी. दोन पाय उतरणीवर, मान ताठ. पुढच्यात ती आत आहे आणि जाळीतला उजेड तिच्या पाठीवर पडलाय. पाठीच्या कडेला खाच आहे, माझ्या हातची. प्रयोगशाळेत जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या विभागाचे लोक धावत आले. मॅडम रडत होत्या. मी नाही रडले. मला एवढा आनंद झाला होता की काय करावं ते सुचेना, म्हणून मी सगळ्यांसाठी चहा सांगायला निघून गेले.

चहा सांगितला आणि तशीच फाटकापर्यंत चालत गेले. चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, हो, एक साहेब आले होते, कपडे मातीने भरलेले. त्यांनी विचारलं, मोठ्या वयाच्या बाई शिकायला येतात त्या कधी सुटतात. त्याने त्यांना आपल्या स्टुलावर बसवलं. मग आमचा वर्ग सुटला. "तुम्ही मुलींबरोबर हसत हसत बाहेर आलात," चौकीदार म्हणाला. "साहेब उठले. मला वाटलं हाक मारतील. पण ते नुसते बघत राहिले, आणि तुम्ही मेसकडे वळल्यावर निघून गेले. मी म्हटलं, साहेब, बोलावू का? तर म्हणाले, नको, छान चाललंय तिचं."

अहो, हाक मारायची होती. इतक्या लांबून बस बदलत आलात, माझ्या कासवांसाठी पोटावर सरपटलात, आणि मी वीस पावलांवर असताना परत गेलात. छान चाललंय हे खरंच आहे. पण ते तुमच्याशिवाय छान चालावं असं मी कधी म्हटलं? ज्या दिवशी खंड्या दिसला त्या दिवशी मी तुम्हालाच लिहायला बसले. ज्या दिवशी नापास झाले त्या दिवशीही.

परीक्षेआधी आम्हाला थोडी सुट्टी आहे. आणि मेपासून दोन महिने मोठी सुट्टी. नंतर मी परत इथे येणार, हे शिक्षण पुरं करणार, त्यात बदल नाही. पण सुट्टी माझी आहे, आणि ती कुठे घालवायची ते मी ठरवलंय. तुम्ही 'तू ये' म्हणायची वाट बघत बसले तर दोघंही म्हातारे होऊ. मॅडमना सांगितलं, तर त्यांनी विचारलंसुद्धा नाही कुठे. भिंगरीने माझी पिशवी भरून दिली.

हे पत्र टपालात टाकत नाहीये. उद्या पहाटेच्या बसने निघते. तुम्ही पुलावर असाल, माणसं भोवती असतील आणि तुम्हाला सगळ्यांसमोर काय बोलावं ते सुचणार नाही. मलाही नाही सुचणार. म्हणून पोचले की आधी हे तुमच्या हातात देईन. सावकाश वाचा. तुमचं वाचून होईपर्यंत मी समोर गप्प उभी राहते.

तुमची मी